आधी बोल, मग विचार कर

'आधी विचार कर, मग तोंड उघड' हा हुकूम आमच्या तीर्थरूपांनी मला वयाच्या चौथ्या वर्षी बजावला, आणि तो मी इतक्या इमानेइतबारे पाळला की पुढे मामलेदार कचेरीत तीस वर्षे कारकुनी करताना माझा विचार पुरा होईतो बोलण्याची वेळ निघून गेलेली असे आणि बढती दुसऱ्याच कोणाच्या पदरात पडलेली असे. त्यामुळे माझा चार वर्षांचा नातू जेव्हा या हुकमाची उघडउघड पायमल्ली करू लागला, तेव्हा त्याला वेळीच ताकीद देणे हे मी माझे कर्तव्य मानले.

ओटीवर लाकडी ठोकळे मांडून बसलेली ही स्वारी अखंड बोलत असते. "हा इथे... नको, पडेल... मोठा खाली... तू थांब रे जरा." समोर श्रोता नसतो, असलाच, तर त्याच्या उत्तराची अपेक्षा नसते. (वरिष्ठांच्या भाषणांचा मला दीर्घ अनुभव असल्याने हा प्रकार अगदीच अपरिचित नव्हता.) तरी खात्री करून घ्यावी म्हणून ग्रंथांचा आधार शोधला. जिनिव्हाचे झां पियाजे यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सहा वर्षांच्या दोन मुलांची सुमारे महिनाभराची बोलणी टिपून ठेवली आहेत, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी कोणालाच उद्देशून नव्हती, असा हिशेब मांडला आहे. या बोलण्याला त्यांनी 'आत्मकेंद्रित' म्हटले; मूल चार लोकांत मिसळू लागले की ते आपोआप लोपते, असे त्यांचे मत. नातवाला आत्मकेंद्रित ठरवून मी प्रकरण निकालात काढणार, एवढ्यात रशियातल्या लेव वायगोत्स्की यांचा जबाब वाचनात आला.

हे गृहस्थ १९३४ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने गेले आणि त्यांचे विचार व भाषा यांवरचे पुस्तक त्याच वर्षी बाहेर आले. त्यांनी मुलांच्या कामात मुद्दाम खोडा घातला. चित्र काढायला बसवायचे, पण ऐन वेळी कागद किंवा पेन्सिल हाती लागू द्यायची नाही. अशी अडचण उभी राहताच मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुप्पट झाले. अर्थात ती निरर्थक बडबड नव्हती. अडलेला गाडा उच्चाराच्या बळावर पुढे ढकलणे चालले होते, आणि वायगोत्स्कींच्या मते ही भाषा लोपत नाही, तर तोंडातून निघून आत रुजू होते, आणि तिलाच आपण मोठेपणी भारदस्तपणे 'विचार' म्हणतो. त्यांच्या नोंदींतला साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्रामचे चाक काढत असता पेन्सिलीचे टोक मोडले. "मोडली," असे तो पुटपुटला, पेन्सिल बाजूला ठेवून त्याने रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढली! शब्द आधी आला. चित्राचा बेत त्यामागून बदलला.

लहान मूल आधी चित्र काढते आणि नंतर त्याचे नाव ठरवते, ही त्यांचीच नोंद. वय वाढते तसे नाव आधी येऊ लागते. आमच्या चिरंजीवांच्या चिरंजीवांना "काय काढतोयस?" असे विचारले असता "झाल्यावर सांगेन" असे उत्तर मिळाले. मी गप्प बसलो. आमच्या कचेरीतली कित्येक प्रकरणे याच पद्धतीने तयार होत. कागद भरपूर जमले की मग विषय लिहायचा.

व्याकरणात मात्र मी माघार घेणार नव्हतो. हा मुलगा 'केलं' न म्हणता 'करलं' म्हणतो. घरात असे कोणी बोलत नाही. तेव्हा 'भर' चे 'भरलं', 'धर' चे 'धरलं', म्हणून 'कर' चे 'करलं', हा कायदा त्याने स्वतःच मंजूर केला असला पाहिजे. "केलं म्हणावं," असे मी समजावले. त्याच्या जिभेवर अद्याप 'ळ' आलेला नाही. टोपलीतल्या केळ्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "केलं खायचं असतं, आजोबा."

यावर मला अपील सुचले नाही.

कालगणनेत तर माझी पुरती नाचक्की झाली. त्याच्या लेखी गेली दिवाळीही 'काल' झाली आणि पुढची 'उद्या' आहे, हे मी सहन करीत होतो, पण एके सकाळी त्याची आई शेजारणीला म्हणाली, "परवा मामा आला होता," आणि दुपारी मी म्हणालो, "परवा मामा येणार आहे." त्याने आम्हां दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "मग परवा मागे असतो का पुढे?" तारीखवार नोंदी ठेवण्यात हयात घालवलेल्या मला, आपल्या भाषेने परवाचा दिवस दोन्ही बाजूंना दाखल करून ठेवला आहे, हे प्रथमच ध्यानात आले. प्रकरण तहकूब ठेवले आहे.

गेल्या आठवड्यात निवृत्तिवेतनासाठी हयातीच्या दाखल्याचा अर्ज भरत होतो. रकाने अरुंद, चष्मा जुना. "नाव इथे... नको, हे गावाचं... सही खाली... तारीख कुठंय रे?" असे माझे चालले असता स्वयंपाकघरातून सूनबाईंनी विचारले, "मामंजी, मला काही म्हणालात का?"

ठोकळ्यांतून मान वर न करता नातवाने परस्पर जबाब दिला, "नाही गं आई, आजोबा विचार करतायत. अजून करला नाही."