सामाईक प्रिंटरचा उतारा

कांदा-द्राक्षांच्या घराला कागद किती लागतो हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. सोसायटीच्या कर्जाला सातबारा, पीकविम्याला सातबारा, निर्यातीच्या बागेची नोंदणी करायची तर सातबारा, आठ-अ आणि वर बागेचा नकाशा. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्या विंचुरातच आहे, पण कांदा विकायला जाणारा माणूससुद्धा खिशात आधारच्या दोन झेरॉक्स ठेवूनच निघतो. दर वेळी तीन पाटीच्या चौकात जाऊन दुकानात ताटकळायला नको, म्हणून काकांनी प्रिंटर घेतला, आपल्या कॉम्प्युटरला जोडला आणि जाहीर केलं, "हा सगळ्यांचा."

सगळ्यांचं असं आमच्यात आधीही आहे. तीन भावांत एक विहीर आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत आणि उताऱ्यावर 'इतर अधिकार'च्या रकान्यात तशी नोंदही आहे. लाइट रात्रीची असली तरी ज्याची पाळी तो शिव्या देत का होईना, बॅटरी घेऊन मळ्यात जातो. ज्या घराने विहीर वाटून घेतली त्याला प्रिंटर काय जड?

जड गेला. कारण अशा जोडणीत प्रिंटर घराचा नसतोच, तो ज्या कॉम्प्युटरला जोडला त्याचा असतो. तो कॉम्प्युटर चालू असेल तर इतरांना प्रिंटर दिसणार. तो झोपला की प्रिंटर 'ऑफलाइन'. काका नऊला झोपतात आणि कॉम्प्युटर त्यांच्याही आधी. वहिनी शिक्षिका, प्रश्नपत्रिका छापायची त्यांची वेळ रात्री दहाची. पण झोपलेल्या चुलतसासऱ्यांना "मामंजी, जरा कॉम्प्युटर लावता का?" असं म्हणायला कुठली सून धजेल? पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचं आमचं गाव. म्हणून आबांनी त्या आठवड्यापासून आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांना, 'सरंजामदार' म्हणायला सुरुवात केली.

रात्री दिलेले हुकूम वाया मात्र जात नसत. ते रांगेत उभे राहत आणि सकाळी काकांनी कॉम्प्युटर लावला की सगळे एकदम बाहेर पडत. आधी सहावीच्या भूगोलाची प्रश्नपत्रिका, मग धाकटीच्या प्रोजेक्टमधला मोर, त्याच्यामागे आबांचा सातबारा. मग पुन्हा सातबारा. मग पुन्हा. कागद येत नाही म्हटल्यावर आबा बटण दाबतच राहिले होते. काकू चहाचा कप घेऊन उभ्या. "एवढी जमीन आहे होय आपली?" त्यांनी विचारलं.

मग एके दिवशी काकांचा कॉम्प्युटर जागा असूनही इतरांना दिसेना. कारण त्यांनी राउटर बदलला होता. नवं नेटवर्क जोडलं तेव्हा विंडोजने विचारलं, हे नेटवर्क सार्वजनिक की खासगी? आमच्या ओसरीवर सकाळपासून माणसांचा राबता. व्यापारी, मजूर, सोयरे, मत मागायला आलेले. काकांनी इमानदारीने 'सार्वजनिक' निवडलं. सार्वजनिक म्हणजे एसटी स्टँडसारखी जागा, असं समजून कॉम्प्युटर तोंड लपवून बसतो, हे त्यांना कोण सांगणार? 'खासगी' केलं तर तो दिसू लागला आणि पासवर्ड मागू लागला. पासवर्ड काकांच्या ट्रॅक्टरचा नंबर. तो अर्ध्या विंचुराला पाठ आहे.

यात आम्ही एकटे नव्हतो, हे वाचून बरं वाटलं. २०२१च्या मध्याला विंडोजच्या छपाईच्या रांगेतच 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भगदाड सापडलं. छपाईतली अशी भगदाडं बुजवण्याच्या भानगडीत सप्टेंबरच्या अपडेटनंतर जगभरच्या किती तरी कचेऱ्यांतले सामाईक प्रिंटर '११बी'वर संपणारा एरर दाखवून रुसले. चोराची वाट बंद करताना घरच्यांचीही झाली.

दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला. प्रिंटर उलटासुलटा बघून म्हणाला, "आबा, याला वायफाय आहे. कुणाच्या कॉम्प्युटरला बांधायची गरजच नाही." वायर काढली आणि प्रिंटर थेट राउटरला जोडला गेला. सरंजाम खालसा!

पण विंचुरात लाइट जाते. ती आली की आमचा राउटर आधीचं सगळं विसरून, येईल त्याला नव्याने नंबर वाटतो. प्रिंटरचा १९२.१६८.१.५ हा पत्ता एकदा टीव्हीने पटकावला. कॉम्प्युटर बिचारे जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहिले आणि आबांचा सातबारा पोटात घालून टीव्ही शांतपणे मालिका दाखवत राहिला. पुतण्याने पुण्यातून फोनवर सांगत सांगत राउटरमध्ये प्रिंटरची ओळख नोंदवून घेतली आणि तो नंबर त्याच्याच नावे कायम केला.

"म्हणजे फेरफार मंजूर झाला," आबा म्हणाले. या सगळ्या प्रकरणात त्यांना पहिल्यांदाच काही तरी नीट कळलं होतं.

तेव्हापासून कुणीही, कधीही, कुठल्याही खोलीतून छापतं. भांडण नाही, विनवणी नाही. फक्त प्रिंटर सरंजामदारांचा होता तोवर शाईही सरंजामदारच आणत होते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता शाई संपत आल्याची सूचना घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर येते आणि जो तो ती तत्परतेने मिटवून टाकतो.

काकू म्हणाल्या, "सामाईक केलं ना? मग पाण्यासारखी शाईची पण पाळी लावा." सगळ्यांना पटलं. कोणत्या महिन्यात कुणी शाई आणायची याचा तक्ता वहिनींनी त्याच रात्री सुबक टाइप करून ठेवला. छापायचा तेवढा राहिलाय.