दुखणं कसं मोठं हवं

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने टॅबवर बोट फिरवत ‘टर्बो गेलाय सर’ असं सांगितलं, तेव्हा मला क्षणभर वाईट वाटलं आणि पाठोपाठ छाती फुगली. जायला आधी टर्बो असावा लागतो. बेळगावात आमच्या गल्लीत डिझेल गाड्या पुष्कळ आहेत. कुणाचे नोझल जातात, कुणाचे हीटर प्लग जातात, बॅटरी तर गोरगरिबांचीही जाते. पण डिकीवर चंदेरी अक्षरांत ‘टर्बो’ लिहिलेलं असणारा मी एकटा. हल्ली सगळ्याच डिझेल गाड्यांना टर्बो असतो, म्हणून कंपन्या तसं लिहीत नाहीत, असं शेजारच्या मुलाने मला एकदा समजावून सांगितलं होतं. त्याला मी तेव्हापासून फारसं बोलावत नाही.

नवीन टर्बोचा आकडा इथे देत नाही, कारण हा लेख बायको वाचणार आहे. खासबागेच्या रविवारच्या बाजारातून तेवढ्या पैशांची भाजी घ्यायची ठरवली तर ती आमच्या हयातीत खाऊन संपणार नाही, एवढंच सांगतो.

टर्बो म्हणजे काय, हे मी लोकांना त्यांनी न विचारता सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तर डिझेल जास्त जळतं आणि ताकदही जास्त मिळते. वाया जाणाऱ्या धुराला कामाला जुंपायची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. 1905 चं पेटंट आहे. एवढी काटकसर पाहता त्याचं आजोळ आमच्या शहापुरात असावं, अशी मला शंका आहे. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून लांबून पळवून आणलेली गाडी दारात आल्या आल्या बंद करायची नाही. अर्धा-एक मिनिट तशीच चालू ठेवायची, नाहीतर तापलेल्या दांड्याभोवतीचं तेल जळून त्याचा कोळसा होतो. त्या अर्ध्या मिनिटात मी काच खाली करून बसतो. कुणी ‘गाडी बंद का नाही केली?’ असं विचारलंच, तर तयारीत असावं.

आता खरं सांगायचं तर खासबाग ते बसवेश्वर सर्कल या टापूत टर्बोला काही कामच नाही. इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास गेल्याशिवाय तो जागचा हलत नाही, आणि आमच्या रस्त्यांवर तेवढं जायला मोकळी जागा फक्त पहाटे असते. लग्नातल्या मानकऱ्यासारखा तो नुसता बसून असतो. पण यादीत नाव लागतंच.

तर दुखणं असं सुरू झालं. गाडीला पिकअप राहिला नाही, शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि मागून धूर. धुराच्या रंगावरून घरात दोन तट पडले. मी म्हणालो निळा. बायको म्हणाली काळा. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा इंजिनात शिरलेलं पाणी, काळा म्हणजे हवा कमी पडतेय, आणि निळा म्हणजे तेल जळतंय, टर्बोचं सील गेलं असणार. निळा हा मोठ्या माणसाचा आजार. मला निळाच हवा होता.

धुराचे रंग निघाले की मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. घरचे म्हणतात की मला ते इडली खातानाही आठवतात, पण इथे खरोखर संबंध आहे. 1869 साली गुर्लहोसूरला जन्मलेला हा माणूस चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. त गेला, आणि तिथे कळलं की त्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. म्हणजे आमच्या धुराचा निवाडा करायला ते आले असते तर काही उपयोग नव्हता. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, शिक्षकी केली आणि पुढे इथे बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. 1888 हे त्या दुकानाचं साल. दुकानातून कारखाना झाला, कडबा कापायची यंत्रं झाली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, असं म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावेनात. पहिला नांगर खपेपर्यंत या गृहस्थांनी काय केलं असेल, हा विचार माझ्या मनात येतो तो बहुधा गाडी ढकलताना. पुढे शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला लावली आणि 1910 मध्ये बिऱ्हाड औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेलं. त्याची किर्लोस्करवाडी झाली. बेळगावला उरला किर्लोस्कर रोड. माणसाला घालवून रस्त्याला त्याचं नाव द्यायचं, हे आम्हाला चांगलं जमतं. तो कारखाना इथेच राहिला असता तर आज माझ्या टर्बोचं काय झालं असतं, यावर मी बराच वेळ बोलू शकतो, आणि बोलतोही.

टर्बो बदलण्याआधी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना दाखवायला नेली. त्यांच्यासमोर मात्र बोलता येत नाही. त्यांचं गॅरेज मागांच्या आवाजात आहे. भिंतीपलीकडे यंत्रमाग मिनिटाला शे-दीडशे वेळा धोटा फेकत असतात, आणि त्या खडखडाटात हा माणूस इंजिनाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतो. हात पुसायला रंगीत सुताचं वेस्ट, मागावरूनच आलेलं. पोराला कन्नडमधून हुकूम, पान्याला मराठीतून शिव्या.

“निळा धूर मारतेय,” मी ओरडून सांगितलं.

“कोण म्हटलं वो? काळा हाय की.”

त्यांनी टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला, बोटाने पातं हलवलं, फिरवलं. दांड्यात थोडा खेळ असणारच, असं म्हणाले. मग इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी होजवर साबणाचं पाणी मारलं आणि पोराला रेस द्यायला सांगितलं. पंक्चरवाल्याकडच्या घमेल्यात येतात तसे बुडबुडे आले.

“टर्बो बदलून काय करताय सर, वारं इथनं पळालंय की.”

होज. रबरी नळी. वाचलेल्या पैशांचा आनंद व्हायला हवा होता. माझा चेहरा बघून मिस्त्रींनी पाणी दिलं. बायको काळ्या धुराबाबत बरोबर निघाली, हे वाक्य संपादकांनी गाळलं तरी माझी हरकत नाही.

पण तो टॅबवाला मुलगा डोक्यातून जाईना. त्याने बॉनेटसुद्धा नीट उघडलं नव्हतं. त्याचाही दोष नसेल. त्याला ‘बदला’ एवढंच शिकवलेलं असणार. दुरुस्त करायला माणूस लागतो, बदलायला नुसती यादी. सरकारचंही तेच. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांच्या मोटारीची नोंदणी पुढे चालवायची फी 600 रुपयांची 5000 झाली. धुराची काळजी खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण ज्या गाडीचा धूर एका नळीने थांबतो, तिला वय विचारून मोडीत काढायचं, याचा मला राग येतो. मिस्त्रींच्या वडलांचे माग असेच गेले. चालू माग, वर सुतासकट. भंगारवाल्याने काट्यावर ठेवून किलोचा भाव केला. ‘सूत काढून घ्या म्हटला, वजनात धरणार नाही,’ एवढं सांगून मिस्त्री होजचा क्लिप आवळायला वाकले. मला काही सुचलं नाही. किर्लोस्करही आठवले नाहीत.

नवी होज घालून आम्ही काकती ओलांडून वंटमुरीच्या घाटात गेलो. कोल्हापूर पासिंगचा एक उसाचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रक मागे टाकले. धूर नाही, शिट्टी नाही. मी आरशात बघून भांग सारखा केला. तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी काही तेवढी पळेना. मिस्त्री मान तिरकी करून ऐकत होते.

“क्लच घसरतोय. इतके दिवस पॉवरच नव्हती, म्हणून कळलं नाही.”

“म्हणजे टर्बोची ताकद त्या क्लचला पेलत नाही, असंच ना?” मी आशेने विचारलं.

“तसं म्हणा की वो सर,” मिस्त्री म्हणाले. “पैसे क्लचचेच पडतील.”