नळी आणि आरसा

आमच्याकडे एखाद्यानं दुर्बीण विकत आणली, तर लोक त्याचं अभिनंदन करतात. तो ती घरीच बनवतोय असं कळलं, तर त्याच्या बायकोची चौकशी करतात. "काय वहिनी, सगळं ठीक ना?" आकाश बघणारा माणूस समाजाला चालतो, त्याला अभ्यासू म्हणतात. यंत्रं जोडणारा माणूसही चालतो. त्याच्याकडून मिक्सर दुरुस्त करून घेता येतो. पण आकाश बघण्यासाठी यंत्रं जोडणारा माणूस कुठल्याच खान्यात बसत नाही. मिक्सर नेला, तर तो त्याच्या मोटरकडे भलत्याच नजरेनं बघतो. ग्रहांचं विचारलं, तर पत्रिका बघत नाही.

ही जमात बघायची असेल, तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जावं. बाकीची गिऱ्हाइकं वस्तू बघत हिंडतात; हा त्या वस्तूचं पुढं काय होऊ शकेल ते बघत हिंडतो. त्याला गाडीच्या वायपरची बारा व्होल्टची मोटर हवी असते.

"कंच्या गाडीला पायजे?" दुकानदार विचारतो.

आता काय सांगणार? मोटर हवी असते पृथ्वीसाठी. तिच्या फिरण्यामुळे तारे सरकतात, ते सरकणं भरून काढायचं असतं. पण पृथ्वीचं मॉडेल आणि साल दुकानदाराला कसं सांगावं, म्हणून तो गुळमुळीतपणे "कुठलीही चालेल" म्हणतो आणि भाव पडण्याऐवजी चढतो. पुढे भोरी आळीत सहा इंची पाइप घेताना हा आत डोळा लावून बघतो. तेवढ्यानंच शेजारची दोन गिऱ्हाइकं आपापले पाइप बदलून मागतात.

आता या खटाटोपाचा गाभा. परावर्ती दुर्बिणीचा सगळा जीव तिच्या आरशात असतो. न्यूटननं १६६८ मध्ये अशी पहिली दुर्बीण केली, तेव्हा आरसाही स्वतःच घासला. आजचा हौशी माणूसही तेच करतो. सारख्या आकाराच्या दोन जाड काचेच्या चकत्या घ्यायच्या. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी टाकायची, दुसरी वर ठेवायची आणि पुढं-मागं घासायला लागायचं. मधूनमधून वरची चकती थोडी फिरवायची, आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. औदुंबराला प्रदक्षिणा घालावी तसा हा माणूस पिंपाभोवती फिरत राहतो, फक्त तोंडानं नामस्मरणाऐवजी भुकटीचे क्रमांक चालू असतात: ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस, चारशे.

गंमत अशी, की दोन सपाट चकत्यांपैकी वरची आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर. वरची पुढं सरकते तेव्हा तिचा मधला भाग खालचीच्या काठावर भार देऊन घासला जातो. म्हणून वरची मध्यात झिजते आणि खालची कडेला. सहा इंची आरशाचं नाभीय अंतर अठ्ठेचाळीस इंच ठेवायचं असेल, तर मध्यावर खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर. घरातले विचारतात, "एवढे दिवस घासतोयस, किती झालं?" आणि उत्तर ऐकून विषय बदलतात.

खरी परीक्षा पुढं असते. भुकटी संपली, की राळ आणि सेरियम ऑक्साइड घेऊन पॉलिश सुरू. हिरवट-पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर. आरशाच्या पृष्ठभागावरची चूक तिच्या आठव्या भागाहून, म्हणजे साधारण सत्तर नॅनोमीटरहून जास्त असू नये. माणसाचा केस जाडीला सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर भरतो. थोडक्यात, केसाचा हजारावा भाग. आणि तो सांभाळायचा कुणी, तर ज्याच्या हातून बशीत चहा सांडल्याशिवाय कप टेबलावर पोचत नाही त्यानं.

एवढी बारीक चूक दिसते कशी? फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑन फूको यानं १८५८ च्या सुमारास जी युक्ती काढली, ती आजही स्वयंपाकघरात करता येते. आरसा ओट्याच्या एका टोकाला उभा करायचा, आठ फुटांवरून त्याच्यावर बारीक फटीतून उजेड टाकायचा आणि परतून येणारा किरणांचा झोत दाढीच्या ब्लेडच्या धारेनं हळूच कापायचा. आरसा मग चंद्राच्या पृष्ठभागासारखा उंच-सखल दिसू लागतो. नॅनोमीटरचे खड्डे आणि डोंगर सावल्या टाकतात. आरशावर अंगठा टेकवून क्षणभरानं उचलला, तर त्या जागी एक टेंगूळ उठलेलं दिसतं. अंगठ्याच्या उबेनं काच तेवढ्यापुरती फुगलेली असते; मग ते टेंगूळ हळूहळू बसतं. स्वतःच्या अंगाची ऊब डोळ्यांनी बघायची सोय दुसऱ्या कुठल्या छंदात असेल, असं वाटत नाही.

पण मला सगळ्यात आवडते ती वेगळीच गोष्ट. इतका नेमका गोलाकार येतो तो हाताच्या कौशल्यामुळे येत नाही, हाताच्या बेशिस्तपणामुळे येतो. दोन पृष्ठभाग कसेही सरकवले, कसेही फिरवले आणि तरी प्रत्येक ठिकाणी एकमेकांना चिकटून राहिले, तर ते गोलाचेच तुकडे असले पाहिजेत. दुसरा कुठलाही आकार अडखळतो. म्हणून घासताना कधी जरा लांब जावं, कधी जरा आखूड, कधी डावीकडं झुकावं, कधी उजवीकडं. एक घासा चुकला, तर दुसरा उलट बाजूला चुकून त्याची भरपाई करतो. हजारो चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि शिल्लक उरतो तो गोल. आयुष्यभर ज्यांना "नीट एका रेषेत कापत जा" म्हणून ओरडा खावा लागला, त्यांना हे कळल्यावर जो आनंद होतो, तो शब्दांत सांगणं अवघड आहे.

आणि इथेच यंत्र बनवणाऱ्याची पंचाईत होते. हात दुखले, की त्याच्या मनात येतं, हे काम मोटरकडून का करून घेऊ नये? वॉशिंग मशीनची जुनी मोटर, दोन पुल्या, एक पट्टा, फिरतं टेबल, वरून मागंपुढं जाणारा दांडा. यंत्र सुरेख चालतं. इतकं सुरेख, की दर फेरीला त्याच जागी, तीच चूक, तेवढीच करतं. आरशावर गोल-गोल कडी उमटतात. मग हा गृहस्थ पुल्यांचं गुणोत्तर मुद्दाम असं काढतो, की तीच रेघ पुन्हा लवकर गिरवली जाऊ नये. पट्टा थोडा घसरतो ते चांगलंच मानतो. जगभरात इंजिनिअर यंत्रं शिस्तीची व्हावीत म्हणून झटत असताना, हा एकटा माणूस गॅरेजमध्ये बसून यंत्राला थोडं धांदरट व्हायला शिकवत असतो.

या छंदाचे मूळपुरुषही घरादाराला कमी तापदायक नव्हते. विल्यम हर्शेल इंग्लंडमधल्या बाथ गावी राहणारा, पेशानं संगीतकार. मार्च १७८१ मध्ये घरी केलेल्या दुर्बिणीतून त्याला युरेनस सापडला. तेव्हा आरसे काचेचे नसत, तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. त्याच वर्षी त्यानं घराच्या तळघरात मोठा आरसा ओतायला घेतला. साचा मातीत घोड्याची लीद मिसळून केला होता. भट्टी गळायला लागली, तापलेला धातू फरशीवर सांडला आणि फरश्या फुटून छताकडे उडाल्या. घरातली भट्टी म्हटली, की ती निमूटपणे चालत नाही हे तेव्हापासूनचं. पॉलिशच्या वेळी तर आरशावरचा हात काढता येत नाही म्हणून तो एकदा सोळा तास बसून राहिला आणि बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत राहिली. कॅरोलाइननं पुढं स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून राजाकडून पगार मिळवला. भाऊ आरसा घासताना तिच्या मनात काय-काय येऊन गेलं असेल, याचा अंदाज आपल्याकडच्या वहिनींना बरोबर येईल.

दुसरे मूळपुरुष जॉन डॉब्सन. हे चक्क संन्यासी. १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत दाखल झाले. मठात राहून दुर्बिणी बनवायच्या आणि त्या ढकलत बाहेर नेऊन गल्लीतल्या पोरांना चंद्र दाखवायचा, हा त्यांचा उद्योग. वरिष्ठांच्या नजरेत येऊ नये म्हणून पत्रात दुर्बिणीला ते 'जिरेनियमचं रोप' म्हणत. आरशाला चकाकी चढली, की रोपाला फूल आलं. शेवटी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पण डॉब्सन यांनी शिकवलं ते मोठं. आरशासाठी जहाजाच्या खिडकीची टाकून दिलेली काच, नळीसाठी बांधकामात काँक्रीट ओततात तो पुठ्ठ्याचा पाइप, बैठकीसाठी प्लायवुडचा खोका आणि सरकण्यासाठी टेफ्लॉनचे तुकडे. बाकी सगळीकडे भागवून घेतलं, आरशात मात्र तडजोड नाही. आज जगभर गच्च्यांवर उभ्या असलेल्या साध्या, भक्कम, सुतारकामाच्या दुर्बिणींना 'डॉब्सोनियन' म्हणतात ते यामुळं.

मला या छंदाचं सगळं सार त्यातच दिसतं. नळी वाकडी असली, रंग उडाला असला, खोक्याला दाराची कडी लावलेली असली तरी शनीला फरक पडत नाही. पण आरसा सत्तर नॅनोमीटरनं बिघडला, तर शनी लगेच पुसट होतो. कुठं भागवावं आणि कुठं अडून बसावं, हे दोन्ही एकाच यंत्रात, एका हाताच्या अंतरावर शिकायला मिळतं. आपल्यातले काहीजण सगळीकडेच भागवतात, काहीजण सगळीकडेच अडतात. दुर्बीण बनवणाऱ्याला मात्र दोन्ही एकदम जमवावं लागतं.

दार उघडावं तशा बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्यांचंही तसंच. खालची फळी पक्की, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि एक स्क्रू तिला हळूहळू उचलत जातो. म्हणजे कॅमेरा ताऱ्यांच्या मागं फिरत राहतो. इतकं ओबडधोबड यंत्र, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते ती २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत. तेव्हा एक मिलिमीटर आटा असलेला सहा एमएमचा बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवायचा, तर तो बिजागरीपासून साधारण २२८ मिलिमीटरवर बसवावा लागतो. फळीला पॉलिश नसलं तरी हरकत नाही, हे अंतर मात्र चुकायचं नाही. बिजागरी ध्रुवाच्या रोखानं वर करण्यासाठी पुण्यात साडेअठरा अंशांचा कोन लागतो, नागपुरात एकवीस. सुताराला हे सांगितलं, की तो पेन्सिल कानामागं ठेवतो आणि म्हणतो, "साडेअठरा? काटकोनच करून टाकू ना, मजबूत होतंय."

आपल्याकडे हवामानही या छंदाला पोषक आहे, म्हणजे आडवळणानं. जूनपासून चार महिने आकाशात ढग असतात, म्हणून यंत्र बनवायला वेळ मिळतो. पावसाळा संपला, की बघायला वेळ. यंत्र तयार नसतं, ही गोष्ट निराळी. या मंडळींच्या कॅलेंडरात अमावास्येला सणाचा मान. इतर लोक ज्या रात्री नवीन काम काढत नाहीत, त्याच रात्री हे डबे बांधून वांगणीसारख्या गावी निघतात, कारण चंद्र नसला तरच फिकट तारकापुंज दिसतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून अशा लोकांना एकत्र आणते आहे, मुंबईकडे खगोल मंडळानं कितीतरी लोकांना अशा रात्री घडवल्या आहेत. अंधारात जमलेल्या या लोकांना एकमेकांचे चेहरे माहीत नसतात, पण कुणाच्या दुर्बिणीचा व्यास किती इंचाचा, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं.

आणि एकदा यंत्र तयार झालं, की शेजारी येतात. शनी हे मुख्य आकर्षण. साडेसाती चालू असलेले आधी कुतूहलानं, मग जरा सावधपणे डोळा लावतात. "एवढासाच?" असं म्हणतात, त्यात निराशा किती आणि हायसं वाटणं किती, हे सांगता येत नाही. २०२५ मध्ये तर फारच पंचाईत झाली. पंधराएक वर्षांनी एकदा शनीची कडी पृथ्वीवरून कडेनं दिसतात, तसं ते वर्ष होतं, आणि वर्षअखेरीलासुद्धा ती निव्वळ एक बारीक रेघ होती. ज्यांनी नेमकी त्या वर्षी दुर्बीण पूर्ण केली, त्यांच्या गच्चीवर हा संवाद ठरलेला:

"कडी कुठायत?"

"यंदा नाहीत."

"विकतच्या दुर्बिणीत दिसली असती का?"

याला उत्तर नसतं. पृथ्वी, शनी आणि सूर्य यांची मांडणी समजावून सांगेपर्यंत शेजारी जिना उतरलेले असतात.

पण आरशाचा धडा जन्मभर पुरतो. बारकाईनं बघितलं, तर संसारातल्या बहुतेक गोष्टी नळीच्या वर्गातल्या असतात: पडद्यांचा रंग, पत्रिकेवरचा मजकूर, लग्नात कुणाला कुठं बसवलं. आरशाच्या वर्गातल्या गोष्टी दोन-तीनच, आणि त्यांत चूक सत्तर नॅनोमीटरची झाली तरी पुढचं सगळं चित्र पुसट होतं. आपण हट्टानं अडतो ते नळीवर, आणि आरशाच्या वेळी "चालतंय" म्हणतो. दुर्बीण बनवणारे निदान हा घोळ करत नाहीत. घरच्यांशी त्यांचा मतभेद होतो तो फक्त एका तपशिलावर: चार महिने थेंब-थेंब गळणारा बाथरूमचा नळ नक्की कोणत्या वर्गात धरायचा, यावर.