लाभार्थी किमान एक हजार! सीएसआर मॅनेजरसाहेबांना खुलं पत्र

सन्माननीय सीएसआर मॅनेजरसाहेब यांसी,



आमच्या संस्थेचा प्रस्ताव परत पाठवल्याबद्दल आभारी आहोत. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या काही ढाण्यांमध्ये, म्हणजे पाड्यांमध्ये, तीव्र कुपोषित मुलांचा घरोघर जाऊन पाठपुरावा करायचा, एवढाच त्याचा विषय होता. तुमच्या पोर्टलवर तो पुढे सरकलाच नाही. ‘थेट लाभार्थी’ या रकान्यात आम्ही दोनशे दहा लिहिलं होतं आणि रकान्याला किमान एक हजार लागतात. इतकी कुपोषित मुलं आमच्याकडे नाहीत, याबद्दल दिलगीर आहोत. पुढच्या वर्षापर्यंत वाढवता येतात का ते पाहतो.

तुमच्या ऑफिसातून फोनवर तोडगाही सुचवला गेला. “अहो, आई-वडील, आजी-आजोबा धरा ना! अप्रत्यक्ष लाभार्थी थेटमध्ये टाकून द्या.” सूचना मोलाची आहे. मग आम्ही शेजारीही धरू, पोलीस पाटील धरू, किराणा दुकानदार धरू. परतवाड्याच्या एसटीचा कंडक्टरही धरायला हवा. पोराला दवाखान्यात न्यावं लागलं नाही, म्हणून त्याच्या गाडीत दोन माणसांची जागा मोकळी राहिली.

प्रस्तावावर तुमचे बरेच शेरे आहेत. लोगो लहान दिसतो. मोठा केला. ‘थिअरी ऑफ चेंज’चा बाण उलटा आहे. सुलटा केला. बारा वर्षांच्या ऑडिट अहवालांवर पुन्हा सही-शिक्का हवा. मारून ठेवला. आता आकड्यांचं बोलू.

शेरा असा, की ‘तालुकानिहाय, ताजी, सरकारी आकडेवारी जोडा’. साहेब, शेवटची जनगणना २०११ची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळातली. ती जिल्ह्यापर्यंत उतरते आणि तिथेच थांबते. तिच्यात एका जिल्ह्यात सरासरी नऊशेच्या आसपास घरं येतात. अमरावती जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. त्या नऊशे घरांत अमरावती शहर आलं, वरूड-मोर्शीचे संत्रावाले आले, अचलपूर आलं. आमच्या वाट्याला किती घरं आली असतील, याचा हिशोब तुम्हीच करा. जिल्ह्याच्या सरासरीत धारणी आणि चिखलदरा अख्खे बुडून जातात. म्हणूनच आम्ही स्वतः मोजतो. पण आमच्या मोजणीपुढे तुमचा शेरा आहे, ‘असत्यापित’.

दुसरा शेरा. ‘बालमृत्युदरात वर्षभरात ३० टक्के घट दाखवा.’ एका लहान गावात वर्षाला नऊ बाळंतपणं होतात असं धरा. एक बाळ गेलं तर दर हजारी १११. पुढच्या वर्षी एकही गेलं नाही तर शंभर टक्के घट, आम्हाला पुरस्कार. दोन गेली तर दर दुप्पट, आम्ही गुन्हेगार. दोन्ही वर्षी काम तेच, माणसं तीच. इतक्या छोट्या आकड्याचा टक्का काढू नये, हे दहावीच्या पोरालाही समजावून सांगता येतं.

तिसरा शेरा मात्र खास आहे. ‘सहा महिन्यांत मोजता येण्याजोगी सुधारणा.’ यावर तुमच्या सल्लागारांनी युक्तीही सांगितली. बेसलाइन ऑगस्टमध्ये घ्या, एंडलाइन जानेवारीत. किती सोपं! पावसाळ्यात मेळघाटात घरातलं धान्य आटलेलं असतं, हगवण आणि ताप घरोघरी असतो, पोरं वाळतात. खरीप घरात आला की तीच पोरं थोडी भरतात. म्हणजे आम्ही ऑगस्टात वजन घ्यायचं, पाच महिने हातावर हात ठेवून बसायचं आणि जानेवारीत पुन्हा वजन घ्यायचं. आलेख चढता येणारच! शिवाय दिवाळीनंतर निम्मी कुटुंबं कामाच्या शोधात बाहेर पडतात, ती होळीला परततात. गावात उरतात ती थोडी बऱ्या परिस्थितीतली. हडकुळी पोरं यादीतून आपोआप गळतात आणि सरासरी आणखी सुधारते. काहीही न करता. हा आलेख तुमच्या वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत कागदावर फार शोभून दिसेल. ऑगस्टची तुलना पुढच्या ऑगस्टशीच करायची असते, असं आम्ही प्रस्तावात लिहिलं होतं. त्यापुढे तुम्ही लिहिलंत, ‘प्रकल्प कालावधीत बसत नाही’.

एका ठिकाणी तर तुम्ही ‘गडचिरोलीच्या “सर्च” संस्थेसारखा पुरावा हवा’ असंही म्हटलं आहे. जरूर. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या त्या संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल करण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि तुलनेसाठी ४७ गावं निराळी ठेवली. उपाय सुरू करण्याआधी १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं नुसती मोजणी केली. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले ते १९९९ साली. नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचं त्यात दिसलं आणि पुढे आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासू लागल्या, तो राष्ट्रीय कार्यक्रम याच वाटेने आला. पुरावा असा उभा राहतो. तुम्ही आम्हाला अकरा महिने दिले आहेत आणि त्यातला पहिला महिना करारावर सह्या व्हायला जाणार.

हे सगळं एक वेळ सोसू. जे सोसवत नाही ते बजेटच्या पानावर आहे. ‘माहिती संकलक, दोन पदं’ या ओळीवर लाल रेघ आणि बाजूला शेरा, ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जातो, वगळावे’. त्याच्या वरची ओळ, ‘टॅब्लेट, चार नग’, मंजूर! टॅब्लेटवर लोगो चिकटवता येतो, फोटो काढता येतो. तो हातात धरणारी बाई नामंजूर.

ती बाई काय करते ते जरा पाहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा डावा हात मोकळा करायचा, खांदा आणि कोपर यांचा मध्य काढायचा, तिथे रंगीत पट्टी गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला तर तीव्र कुपोषित, म्हणजे लाल; साडेअकरा ते साडेबारा असला तर मध्यम, म्हणजे पिवळा. पट्टी जरा आवळली की पिवळ्यातलं पोर लाल रंगात जातं. जरा सैल सोडली की मरणाच्या दारातलं पोर पिवळ्यात येतं. पोर तेव्हा बोंबलत असतं, हात झाडत असतं, आई मजुरीला गेलेली असते आणि आजीला वाटत असतं की दृष्ट लागेल. अशात दोन मिलिमीटर अचूक वाचायचे, पुन्हा एकदा मोजून खात्री करायची, लिहून ठेवायचे. तुमचा तो मुंबईतला रंगीबेरंगी डॅशबोर्ड या बाईच्या बोटांवर उभा आहे. तिला कोरकू येते, म्हणून आई खरं बोलते. आणि तिच्या पगाराला तुम्ही वरखर्च म्हणता.

नियमाचा दाखला देता म्हणून नियमच वाचू. सीएसआर नियमांच्या २०२१च्या दुरुस्तीनंतरची ५ टक्क्यांची मर्यादा तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारासाठी आहे. तुमच्या एसी ऑफिससाठी आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात मोडत नाही, असं त्या नियमांच्या व्याख्येतच लिहिलंय. मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यांकन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यायला तर तेच नियम तुम्हाला ५० लाख रुपये किंवा एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के, यांतली जी रक्कम मोठी तिथपर्यंतचा खर्च सीएसआरमध्ये धरू देतात. ते लोक दोन दिवसांसाठी येतील, आमच्याच वह्या मागतील, आमच्याच बायांनी मोजलेले आकडे घेऊन जातील आणि सुबक पीडीएफ बनवतील. त्यांना पैसे आहेत. वह्या भरणाऱ्यांना नाहीत. थर्मामीटरला पैसे द्यायचे नाहीत आणि ताप किती उतरला हे मात्र रोज विचारायचं, ही कुठली रीत?

आणि यातून होतं काय, हेही ऐका. ज्या संस्था मोजतात त्यांचे आकडे लहान, ओबडधोबड, मध्येच खाली जाणारे असतात. ज्या मोजत नाहीत त्यांचे आकडे मोठे आणि गोलमटोल असतात. तुमचं पोर्टल दुसऱ्यांना निवडतं. खोटं लिहायला कुणी थेट सांगत नाही, फक्त खरं लिहिणाऱ्याचा अर्ज पुढे जात नाही. ही फसवणूक आहे साहेब, आणि ती आमच्या मुलांच्या नावावर चालली आहे.

तुमच्यावर डाफरून सगळं सुटणार नाही, हेही कळतं. तुम्हीही एमएसडब्ल्यू करूनच या खुर्चीत आलात. मार्चअखेरीला संचालकांपुढे तुम्हाला एकच स्लाइड मिळते, तीत सगळे प्रकल्प कोंबायचे असतात आणि वरून प्रश्न एकच येतो, “माणशी किती रुपये पडले?” एका रविवारी मैदानात मांडव घालून हजारोंना चष्मे वाटणाऱ्या शिबिरापुढे आमचा दोनशे दहाचा आकडा मांडताना तुमचीही जीभ अडखळत असणार. गेल्या खेपेला तुम्ही अंगणवाडीच्या ओट्यावर बसून सेविकेला विचारलं होतं, “मागच्या वेळची ती लाल फ्रॉकवाली कुठे गेली?” आजवर आलेल्या पाहुण्यांपैकी हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटेच. ती वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांबरोबर गेली होती. तुमच्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नाही. तो फॉर्म तुम्ही बनवलेला नाही, हे मला माहीत आहे. पण बदलून मागायला तुमच्याइतकं जवळ दुसरं कुणी नाही.

म्हणून मागणं एवढंच. स्थलांतराने यादीतून गेलेल्या मुलांचा वेगळा रकाना करा. तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करू द्या, त्यासाठी दोन वर्षं द्या. टक्क्यांऐवजी मुलं लिहू द्या, किती सुधारली, किती पुन्हा घसरली, किती गेली. आणि मोजणाऱ्या बाईचा पगार प्रकल्पखर्चात धरा, कारण तो प्रकल्पखर्चच आहे.

हे जमणार नसेल तर प्रस्ताव खुशाल फेटाळा. मात्र कारणाच्या रकान्यात ‘पुरेसा डेटा नाही’ असं लिहू नका. ‘डेटाचे पैसे द्यायचे नाहीत’ असं स्पष्ट लिहा, आणि खाली सही करा.