आळीतले डिक्शनरीमास्तर

रत्नागिरीत दर आळीला एक डिक्शनरीमास्तर असतोच. तो शाळेतच शिकवत होता असं नाही. कुणी कोर्टात बेंच क्लार्क होता, कुणी मुंबईला गोदीत कारकुनी करून पेन्शनीत घरच्या कलमांकडे परतलेला. खूण म्हणजे पडवीतला झोपाळा, त्यावर पानाचा डबा आणि शिवण उसवलेली जाडजूड डिक्शनरी. अडलेल्या शब्दाचा अर्थ पाहायला ती तिथे नसते. चार माणसांना कळणारा शब्द मास्तरांना शब्दच वाटत नाही.

त्यांचा जीव इंग्रजांनी कधीच अडगळीत टाकलेल्या शब्दांवर. ‘ग्रोक’ हा त्यातला लाडका. दुसरा जेवत असताना आपल्यालाही बोलावतील या आशेने मुकाट्याने टक लावून पाहणं, एवढं सगळं या एका क्रियापदात मावतं. मे महिन्यात पडवीत बरका फणस फोडला की गडग्यापलीकडचा शेजारी काहीतरी विचारायच्या निमित्ताने येऊन उभा राहतो. त्याला तोंडावर हावरट म्हणावं, तर उद्या त्याच गडग्यावरून दावा लागायचा. मास्तर हाताला तेल चोळता चोळता प्रसन्नपणे म्हणतात, “या, या. ग्रोक करताय वाटतं?”

“नाही हो, चहा झालाय आत्ताच,” असं म्हणून शेजारी बसतो.

खवचटपणा हा इथला कुळाचार. तो बिनबोभाट पाळायची सोय जुनाट इंग्रजीने करून दिली, म्हणून मास्तरांचा इंग्रजांवर लोभ.

‘मम्प्सिमस’ची गोष्ट ते दर गणपतीत सांगतात. सोळाव्या शतकात युरोपात फिरलेली ही गोष्ट. एक अर्धशिक्षित पाद्री लॅटिन प्रार्थनेत ‘सुम्प्सिमस’ऐवजी ‘मम्प्सिमस’ म्हणायचा. चूक दाखवली तर म्हणाला, इतकी वर्षं म्हणत आलोय, आता तुमच्या नव्या शब्दासाठी कशाला बदलू? तेव्हापासून, कळूनही चूक न सोडणारा तो मम्प्सिमस. आरतीत ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ करणारी फौज ऐकली की मास्तरांचे टाळ थांबतात. “सगळे मम्प्सिमस!” ते गरजतात. पोरांना ती देवाचीच आरोळी वाटते. मागून दणक्यात “मोरया” येतं.

जुनं इंग्रजी पोटापाण्याला लागलेलं पाहायचं तर दिवाणी कोर्टात जावं. नॉर्मन फ्रेंचच्या वाटेने आलेला ‘मेस्ने’ हा शब्द लंडनच्या रस्त्यावर कुणी ओळखायचा नाही. इथे कलमांच्या वाटपाचा दावा लढवणाऱ्या सातवी पास माणसाच्याही तो तोंडी असतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २(१२) मध्ये ‘मेस्ने प्रॉफिट्स’ची व्याख्या आहे. दुसऱ्याची मालमत्ता बेकायदा दाबून बसलेल्याने तिच्यातून काढलेलं, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर निघालं असतं असं उत्पन्न, वर व्याज. मात्र त्याने स्वतः केलेल्या सुधारणांमुळे झालेला नफा त्यात धरायचा नाही. म्हणजे चुलतभावाने बळकावलेल्या हापूसच्या पेट्यांचा हिशेब मागता येतो. आता त्या चुलतभावाने कल्टार घालून मोहर आणला असेल, तर ती सुधारणा म्हणायची की कलमाचा घात, यावर मास्तर जेवणाची पानं मांडेपर्यंत बोलू शकतात. एका तरुण वकिलाने त्यांना हळूच सांगितलं, “काका, त्यातला एस उच्चारत नाहीत. मीन प्रॉफिट्स.”

मास्तर म्हणाले, “तुझ्या जन्माआधीपासून मेस्ने म्हणतोय.”

सावरकर १९२४ ते १९३७ याच गावात स्थानबद्ध होते आणि मराठीतून परके शब्द हाकलत होते. तिथे हा इंग्रजीचा सोस शोभतो का, असं कुणी छेडलं की मास्तर ‘हॉब्सन-जॉब्सन’चं नाव काढतात. अँग्लो-इंडियन बोलीतल्या शब्दांचा हा कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा, १८८६ चा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं तेही त्याच साली. इंग्रजांनी राजा इकडे आणला आणि मोडशी तिकडे नेली, असा मास्तरांचा सिद्धांत.

मोडशी खरोखरच गेली. पटकीला कोकणात आणि गोव्यात मोडशी म्हणत. पोर्तुगीजांनी तिचं ‘मोर्देशिं’ केलं. फ्रेंचांच्या कानाला ते ‘मोर द शियँ’ ऐकू आलं, म्हणजे चक्क कुत्र्याचं मरण. रोग पाहता त्यांना अर्थही पटला असावा. हाच शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजही वापरत होते. मुंगसाचं ‘मोंगूस’ तर डिक्शनरीत अजून ठाण मांडून आहे. तेव्हा मास्तरांच्या मते ते परक्यांची भाषा वापरतच नाहीत, थकलेली उधारी वसूल करतात. हा युक्तिवाद कोर्टात टिकायचा नाही, पण नाक्यावर टिकतो.

मास्तरांची पंचाईत होते ती रिक्षात. स्टेशनवर पोचायची घाई, कुवारबावच्या चढाला टायर बसतो आणि रिक्षावाला म्हणतो, “दोन मिनिटं मास्तर, स्टेपनी लावतो.” मास्तरांना गप्प राहवत नाही. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे, म्हणून १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावर अडकवायची, आऱ्या नसलेली धाव काढली आणि तिला रस्त्याचं नाव दिलं. पुढे मोटारींबरोबरच सुटी चाकं आली आणि इंग्लंडात हा शब्द कुणाला आठवेनासा झाला. ऑक्सफर्डात विचारलंस तर तोंडाकडे बघत बसतील, मास्तर सांगतात.

“असं? आमच्याकडे क्लीनरचं पोरगंसुद्धा बोलतं,” रिक्षावाला नट सोडवता सोडवता म्हणतो. “ती मागची काढा बघू जरा. आणि दाबून बघा, हवा आहे ना?”

मास्तर दाबून बघतात. हवा नसते.