निवेदनालाही वाट द्या

मंत्री यायचे असले किंवा मोठा सोहळा तोंडावर आला की गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या हाती पोलिस ठाण्याची नोटीस पडते. वर्षानुवर्षं तिला ‘149 ची नोटीस’ म्हणायचे. 1 जुलै 2024 पासून कायदा बदलला आणि कलम 168 झालं, पण सांगणं तेच राहिलं: काही गडबड झाली तर तुम्हाला जबाबदार धरू. ही नोटीस मिळते कुणाला? दुधाला दर मागणाऱ्याला, कालव्याचं आवर्तन वेळेवर सोडा म्हणणाऱ्याला, आरक्षणासाठी मंडप टाकणाऱ्याला. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात अशा माणसाच्या घरी पालखीच्या दिवसांत काय चाललेलं असतं, ते जाऊन बघावं. अंगणात चुलीवर दिंडीसाठी पिठलं रटरटत असतं, घरातली म्हातारी टाळकऱ्यांच्या पायांना तेल लावत असते. वारकरी आणि आंदोलक ही दोन वेगळी माणसं आहेत असं धरून बंदोबस्त आखला जातो. घोटाळा तिथेच सुरू होतो.

काटेवाडीचं उदाहरण घ्या. तुकोबांची पालखी बारामतीचा शारदा प्रांगणातला मुक्काम हलवून निघाली की काटेवाडीत परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो. पुढे धनगर बांधव मेंढ्या घेऊन येतात आणि मेंढ्या रथाभोवती धावत रिंगण धरतात. गर्दी दोन्ही कडेला अंग चोरून उभी राहते, लेकरं खांद्यावर जातात, धुरळा उडतो, हरिनामाचा गजर चढतो. हीही पूजाच आहे आणि ती रस्त्यावरच होते. रस्ता अडला म्हणून तिथे कुणी ओरडत नाही, ओरडूही नये.

आता जुलै 2014 आठवा. आषाढी उरकली आणि त्याच धनगर समाजाचे आंदोलक पंढरपूरहून उलट्या दिशेने चालत बारामतीला आले. अनुसूचित जमातीच्या आरक्षणासाठी उपोषणाला बसले. तेव्हा विरोधी पक्षात असलेले देवेंद्र फडणवीस तिथे गेले आणि सत्ता आल्यावर मंत्रिमंडळाच्या पहिल्याच बैठकीत निर्णय घेऊ, असं आश्वासन देऊन आले. निर्णय झाला नाही. मेंढ्या घेऊन आलेल्या धनगराला हार घालायचे आणि मागणी घेऊन आलेल्याला आश्वासनावर बोळवायचं, हे मला मान्य नाही. त्याची भक्ती गोड लागते, तर त्याची तक्रारही ऐकून घेतली पाहिजे.

पण आंदोलकांनाही स्पष्ट सांगायचं आहे. पालखी अडवू नका. कॅमेरे आलेत, मंत्री आलेत, हीच संधी आहे म्हणून दिंडीच्या वाटेवर आडवं बसणं चूक आहे. परभणीहून डोक्यावर तुळस घेऊन निघालेल्या बाईने दुधाचा दर ठरवलेला नाही. रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात. पुढे रस्ता अडला की मागची माणसं एकमेकांवर दाटतात, पाण्याचे टँकर अडकतात, दुपारचा विसावा चुकतो, आजाऱ्यापर्यंत रुग्णवाहिका पोचत नाही. मंत्र्याची गाडी दुसऱ्या रस्त्याने निघून जाते आणि हाल होतात ते चालणाऱ्याचे. ज्याच्याकडून काही घ्यायचं नाही त्याला वेठीला धरून मागणी जड होत नाही.

2018 मध्ये हाच प्रश्न राज्यापुढे उभा राहिला होता. पालख्या वाटेवर असतानाच 16 जुलैला दूध आंदोलन सुरू झालं. पाठोपाठ मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी मुख्यमंत्र्यांना पंढरपुरात शासकीय महापूजा करू देणार नाही, असं जाहीर केलं. तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या फडणवीसांनी लाखो वारकऱ्यांच्या सुरक्षेचं कारण देऊन जाणं रद्द केलं. गर्दीत साप सोडण्याचा डाव असल्याची माहिती मिळाल्याचंही त्यांनी सांगितलं, त्यावर आंदोलक संतापले. 23 जुलैच्या पहाटे मुख्यमंत्र्यांनी ‘वर्षा’ या आपल्या सरकारी निवासस्थानी पूजा केली आणि पंढरपुरात मानाच्या वारकरी दांपत्याने विठ्ठलाची महापूजा केली. एकाही वारकऱ्याची एकादशी चुकली नाही.

त्या पहाटेने एक गोष्ट लख्ख केली. शासकीय महापूजा आणि वारकऱ्याची उपासना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकारचा मान आहे. तिला विरोध करणं, काळे झेंडे दाखवणं, सभा घेऊन ‘येऊ नका’ म्हणणं हा लोकशाहीतला विरोध आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी निधर्मी राज्यात सरकारी पूजा कशाला, म्हणून आवाज उठवला होता आणि काही काळ ती बंदही राहिली. दुसरी गोष्ट, म्हणजे रांगेत उभ्या माणसाचं दर्शन, तिला कुणीही हात लावायचा नाही. आंदोलकाने नाही आणि ताफा घेऊन येणाऱ्या पुढाऱ्यानेही नाही. दर्शनाची रांग थांबवण्यात पुढाऱ्यांचा हात आंदोलकांपेक्षा फार जुना आहे. त्यांना कुठली नोटीस जाते?

आणि आंदोलन म्हणजे देवाच्या वाटेतला अडथळा, असं जे सहज बोलतात त्यांनी मे 1947 आठवावा. विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले होते. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांची मनं वळवली होती. दहा दिवसांनी मंदिर खुलं झालं. ते आंदोलन झालं नसतं तर कितीतरी घरांच्या वाट्याला पुढची कित्येक वर्षं लांबूनच हात जोडणं आलं असतं.

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क राज्यघटनेचं कलम 19 देतं, उपासनेचा हक्क कलम 25 देतं आणि सार्वजनिक सुव्यवस्थेची अट दोन्हींना आहे. सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांना सरसकट बंदी घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या हिंमतलाल शहा खटल्यात सांगितलं. शाहीनबागेच्या प्रकरणात 7 ऑक्टोबर 2020 ला त्याच न्यायालयाने रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, हेही सांगितलं. वेळ आणि जागा ठरवा, तोंड बंद करू नका, इतकं त्यातून सामान्य माणसालाही कळतं.

मग वेळ आणि जागा ठरवायला अडचण कसली? पालखी कधी येणार हे तिथीवरून आधीच ठरलेलं असतं. नियोजनाच्या बैठका होतात, पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, वीज, औषधं, सगळ्यांची जबाबदारी नेमून दिली जाते. त्याच बैठकीला बारामती आणि इंदापूरच्या प्रांतांनी आंदोलक संघटनांना खुर्ची द्यावी. तहसील कचेरीसमोर, लोकांना दिसेल अशी जागा लेखी द्यावी, गावाबाहेरचं ओसाड मैदान नको. रथ आणि दिंड्या जाईपर्यंत भोंगा बंद आणि रस्ता मोकळा, हे आंदोलकांनी लेखी कबूल करावं. निवेदन त्याच दिवशी जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः घ्यावं आणि उत्तराची तारीख त्यावर लिहून सही करावी. एवढं झालं तर सरसकट नोटिसा वाटण्याची गरज उरत नाही.

हे होत नाही असं म्हणू नका. नोव्हेंबर 2023 मध्ये कार्तिकीच्या शासकीय पूजेला पंढरपुरात मराठा समाजाचा असाच विरोध होता. जिल्हा प्रशासन आंदोलकांसोबत बसलं, मराठा भवनासह काही मागण्यांवर बोलणी झाली, विरोध मागे घेतला गेला आणि 23 नोव्हेंबरला पूजा पार पडली. पंढरपूरने ऐन एकादशीच्या तोंडावर जे केलं, ते बारामती-इंदापूरने पालखी देहूतून निघण्याआधीच करावं, आणि या वर्षीच्या बैठकीत पहिला विषय तोच ठेवावा.