रविवारचे पेशवे

वसईच्या भूमीने मराठी इतिहासाला दोन प्रसंग दिले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांचा किल्ला घेतला, हा पहिला. आणि होळकरांच्या धास्तीने पुणे सोडून आलेल्या दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला, हा दुसरा. येथील कुटुंबप्रमुखाच्या मुखी नित्य पहिल्या प्रसंगाचे गुणगान असते. परंतु त्याचा स्वतःचा संसार अक्षरशः दुसऱ्याच्या कलमांवर चालतो. त्या तहाने पेशव्यांची मसनद, वस्त्रे आणि 'श्रीमंत' हा किताब शाबूत ठेवला. फक्त ६,००० पायदळाची तैनाती फौज त्यांच्या पदरी आली, तिच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख गेला, आणि परराज्यांशी परस्पर बोलणे लावण्याचा अधिकार संपुष्टात आला.

विरारच्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि चर्चगेटकडील कचेरीत नोकरीस असणाऱ्या गृहस्थाची अवस्था याहून तसूभरही निराळी नसते. दारावरची पाटी त्याच्या नावाची, लग्नपत्रिका त्याच्या नावाने येणाऱ्या, आणि घरकर्जाचा हप्ताही बिनचूक त्याच्याच पगारातून वळता होणारा. कारभार मात्र कारभारणीचा. शासनालाही ही वस्तुस्थिती उमगली असावी. कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुखपद घरातील ज्येष्ठ स्त्रीकडे सोपवले, आणि हा दस्तऐवज श्रीमंतांनी कपाटात विम्याच्या कागदांखाली, सहसा हाती लागणार नाही अशा बेताने ठेवला आहे.

सोमवार ते शनिवार श्रीमंतांचे राज्य घरी नसून रुळांवर असते. सकाळी पावणेसातच्या फास्टमध्ये त्यांची जागा ठरलेली, मंडळी ठरलेली, आणि वादाचे विषयही ठरलेले. नालासोपाऱ्याहून उलटे विरारला येऊन, न उतरता जागा धरून बसणाऱ्यांविषयी त्यांचे मत इतके कडक आहे की ते पाळणाघरातल्या मुलांसमोर बोलून दाखवता येणार नाही, आणि चुकून या गाडीत चढलेला कोणी भिडस्त मनुष्य "जरा बोरिवलीला उतरायचंय" असे पुटपुटला, तर "मग बोरिवली लोकल कोणासाठी सोडलीय?" हा त्यांचा सवाल सबंध डब्यात घुमतो. तिघांच्या बाकावर चौथा कोणी बसावा, त्याने किती सरकावे आणि अंधेरीनंतर उभ्या माणसाला जागा द्यावी की नाही, या तिन्ही बाबतींत त्यांचा निकाल अखेरचा असतो. जो पुरुष साठ किलोमीटरपर्यंत असा अंमल गाजवतो, त्याला घरातल्या दूरदर्शनसंचाचा रिमोट मागून घ्यावा लागतो, यावर डब्यातील एकही सहप्रवासी विश्वास ठेवणार नाही. मात्र यांतील प्रत्येकाच्या घरी परिस्थिती तीच असल्यामुळे त्याची वाच्यताही कोणी करीत नाही.

इकडे आठवडा आपल्या गतीने चढत-उतरत असतो. सोमवारी मिक्सर जळतो. मंगळवारी नळाला पाणी येत नाही आणि टँकर मागवण्यावरून दोन विंगांमध्ये शाब्दिक चकमक झडते. बुधवारी चिरंजीवांच्या गणिताच्या शिक्षकांचा निरोप येतो, गुरुवारी आजींचा गुडघा उचल खातो, आणि शुक्रवारी, या सर्वांची भरपाई म्हणून की काय, कन्येला वक्तृत्वस्पर्धेत बक्षीस मिळते. रात्री नऊनंतर श्रीमंत घामेजल्या सदऱ्यानिशी घरी परततात तेव्हा मिक्सर दुरुस्त झालेला असतो, टाकी भरलेली असते, शिक्षकांची समजूत पटलेली असते आणि आजी शेक घेऊन झोपलेल्या असतात. जेवताना त्यांना हकिगत तेवढी ऐकवली जाते. कचेरीत ज्या व्यवहारास कार्योत्तर मंजुरी म्हणतात, तीच ही. श्रीमंत भाताचा घास थांबवून गंभीरपणे विचारतात, "मला फोन का नाही केलास?" कारभारीण म्हणते, "केला होता की. तुम्ही खाडीच्या पुलावर होतात. नुसतं हॅलो हॅलो ऐकू येत होतं." भाईंदर आणि नायगाव यांमधल्या त्या पुलावर श्रीमंतांच्या कारकिर्दीतील किती महत्त्वाचे निर्णय गाडीच्या धडधडाटात विरून गेले असतील, याची गणना कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

रविवारी मात्र दरबार भरतो. पहाटेच्या धावपळीतून सुटलेला हा पुरुष दुसरा चहा झाल्यावर अकस्मात सत्तेच्या जाणिवेने जागा होतो. विजेचे बिल, सोसायटीची पावती आणि किराणा दुकानदाराची वही असे दप्तर मागवले जाते. पंखे विनाकारण फिरत असल्याबद्दल ताकीद दिली जाते. चिरंजीवांचा मोबाइल एक महिन्याच्या मुदतीने जप्त होतो, आणि ही जप्ती आजींच्या केवळ "लेकरू आहे रे" एवढ्या अपिलावर अर्ध्या तासात उठवली जाते. मग श्रीमंत पिशवी घेऊन स्वारीवर निघतात, कारण मासळी पारखण्याची विद्या आपल्या घराण्यात पिढीजात आहे असा त्यांचा समज आहे.

बाजारात अर्नाळ्याची कोळीण त्यांना दुरूनच ओळखते. श्रीमंत पापलेटाचा कल्ला उचलून पाहतात, पोट दाबतात, डोळ्याची चमक न्याहाळतात, मान हलवतात, पुढच्या पाटीपर्यंत जातात आणि परत येतात. हा सगळा विधी कोळीण अत्यंत सहिष्णुतेने पाहते आणि शेवटी विचारते, "दादा, ताई नाय आल्या का? त्यांना फोन लावून द्या ना माझ्याकडं." यात अपमान कोठे आहे हे नेमके दाखवता येत नाही, म्हणून श्रीमंत इरेला पेटतात, घासाघीस न करता सांगेल तो भाव मोजतात आणि विजयी मुद्रेने घरी येतात. "कितीला दिली?" हा प्रश्न येणारच हे ठाऊक असल्यामुळे जिन्यातच त्यांनी किमतीतून शंभर रुपये वजा करून ठेवलेले असतात. कारभारीण पापलेट हातात घेते, वजनाचा अंदाज घेते आणि म्हणते, "बरी आहे." पुढे ती काहीच बोलत नाही. बुधवारी याच बाईकडून याहून मोठी जोडी कितीला आणली होती, हे सांगणे तिला सहज शक्य असते. परंतु मसनद शाबूत ठेवायची, हे तहातील कलम ती इंग्रजांपेक्षा पुष्कळच इमानाने पाळते.

दुपारच्या जेवणानंतर राज्यकारभार घोरण्यात विसर्जित होतो. संध्याकाळी दादरला मेहुण्यांकडे जाण्याचा बेत असतो, पण पश्चिम रेल्वेचा जंबो ब्लॉक लागलेला असला की तो रद्द होतो, आणि रद्द झाल्याचे दुःख श्रीमंत इतक्या उत्साहाने व्यक्त करतात की त्यांची शंका यावी.

आपल्या राज्याचे खरे स्वरूप त्यांना एकदाच दिसले. १० जुलै २०१८ च्या मंगळवारी नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, विरारकडील वाहतूक बंद पडली, आणि हा पुरुष भरदिवसा, कामाच्या वारी, स्वतःच्या घरी सापडला. ते खुर्चीत बसले तर ती खुर्ची नेमकी आजींची निघाली. पलंगावर बसले तर तेथे चादरी घड्या करून ठेवायच्या होत्या. फरशी पुसणाऱ्या बाईंनी त्यांना दोनदा पाय वर घ्यायला लावले आणि तिसऱ्यांदा गॅलरीत उभे केले. पाणी तुंबले म्हणून चौकशीला आलेल्या तळमजल्यावरच्या काकूंनी त्यांच्याकडे पाहून वहिनींना हलक्या आवाजात विचारले, "पाहुणे अडकलेत वाटतं?" मेणबत्त्या कोठे, पिण्याचे पाणी किती, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला जेवण कोणी द्यायचे, हे सारे कारभारीण उभ्या उभ्या ठरवीत होती, श्रीमंत दर अर्ध्या तासाने गाड्या सुरू झाल्या का, हे विचारीत होते. पाऊस ओसरून गाड्या सुरू झाल्या, त्या सकाळी ते नेहमीच्या वेळेआधी वीस मिनिटे फलाटावर हजर होते.

आता निवृत्ती जवळ आली आहे. बाजीरावांना राज्य गेल्यावर सालीना आठ लाखांचा तनखा आणि बिठूरची वस्ती मिळाली. श्रीमंतांच्या तनख्याचा हिशेब कचेरी करीत आहे, बिठूरची तजवीज कारभारणीने परस्पर केली. सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत वहिनींनी चार घरांतील बायकांशी आधी बोलून ठेवले, आणि पुढील सेक्रेटरीपदासाठी श्रीमंतांचे नाव एकमताने सुचवले गेले. आपल्या करारी स्वभावाची अखेर कोणीतरी कदर केली, असे ते हल्ली गाडीत सर्वांना सांगतात. टँकरवाल्याचा, लिफ्टवाल्याचा आणि दोन्ही विंगांच्या भांडणांचा फोन यापुढे त्यांनाच येणार आहे. सेक्रेटरीची केबिन तळमजल्यावर आहे, तेथे पंखा आहे, आणि वहिनींनी कार्यालयाची वेळ सकाळी दहा ते सहा अशी सुचवून ठेवली आहे, रविवारसह.